५११ च्या खिडकीत ५८३ येऊन बसला होता

गॅसबत्तीच्या थोरियमयुक्त, किरणोत्सर्गी मॅन्टलभोवती (जाळीभोवती) शिशाचा पत्रा गुंडाळल्यावर पॉझिट्रॉन-विलोपनाचे (पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना नष्ट करतात तेव्हाचे) ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन्ही गॅमा किरण समोरासमोरच्या स्फटिकांत एकाच वेळी उतरू लागले, असे गेल्या नोंदीत मोठ्या दिमाखात लिहिले होते. (मॅन्टलचे जोरकस गॅमा शिशावर आदळले की पॉझिट्रॉन जन्मतात.) ते विधान मागे घेतो. शनिवारी रात्री एक डिटेक्टर काटकोनात वळवून ठेवला, तर आठ तासांत ३९८ जुळण्या (दोन्ही डिटेक्टरांत एकाच वेळी आलेल्या नोंदी) मिळाल्या, आणि १८० अंशांत त्या ४१२ होत्या. विलोपनाचे गॅमा परस्परविरुद्ध दिशांना जात असल्याने काटकोनात हा आकडा कोसळायलाच हवा होता.

दोन दिवस मी केबलवर आणि ती पाठवणाऱ्या विक्रेत्यावर विनाकारण संशय घेतला. खरा दोष तापमानाचा निघाला. देवगडला पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर मोजणी चालू राहते, पण पंखा बंद पडतो आणि डब्यातला पारा २७ वरून ३४ अंशांवर जातो. तापमानाबरोबर सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा (स्फटिकातल्या प्रकाशाचे विद्युत-स्पंद करणाऱ्या भागाचा) ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे तो काम करू लागतो तो विद्युतदाब, वाढतो; बायस, म्हणजे त्याला दिलेला दाब, मात्र तोच राहतो, त्यामुळे गेन (स्पंद किती पटींनी मोठा होतो ते) घटतो. माझा गेन सुमारे १२ टक्क्यांनी उतरला आणि मॅन्टलमधल्या थोरियमपासून बनणाऱ्या थॅलियम-२०८ ची ५८३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा सरकत नेमकी ५११ च्या खिडकीत (मोजायला धरलेल्या ऊर्जेच्या पट्ट्यात) आली. ही रेषा त्याच केंद्रकाच्या इतर गॅमांसोबत एका साखळीत निघते, त्यामुळे तिच्या जुळण्या काटकोनातही जवळपास तितक्याच मिळतात.

थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे बदलणारा रोध) लावून बायस दुरुस्त करण्याचा बेत होता, पण आंब्याच्या कलमांसाठी आणलेले पोटॅश पडवीत दिसले आणि तो बदलला. किलोभर पोटॅश डिटेक्टरांच्या मागे ठेवले की पोटॅशियम-४० चे १४६१ चे शिखर दोन्हींत स्पष्ट दिसते. दर दहा मिनिटांनी त्यावरून खिडकी आपोआप सरकवली. (त्याच किलोभरातून साधारण सहा-सात सेकंदांना एक पॉझिट्रॉनही निघतो, याची मला भारी गंमत वाटते.) काल रात्रीचे आकडे: १८० अंशांत ३३१, काटकोनात १४७!

प्रतिद्रव्याच्या प्रयोगशाळांत मंद पॉझिट्रॉनांची शलाका लक्ष्यावर आदळते, तेव्हा निर्वात नळीबाहेरच्या सीझियम आयोडाइडच्या स्फटिकांनी हेच ५११ चे गॅमा पकडून किती पॉझिट्रॉन पोहोचले ते ठरवतात. शलाका माझ्या नशिबी नाही, पण मोजणीची रीत तीच आहे.

काटकोनातले १४७ अजून खटकतात. आधी मॅन्टल काढून केवळ म्युऑनांची (आकाशातून येणाऱ्या कणांची) जुळणी मोजणार होतो; आता वाटते, मॅन्टल तसेच ठेवून फक्त शिसे काढावे आणि १८० अंशांतले किती आकडे त्याच्यासोबत जातात ते पाहावे. ओल शोषणारे सिलिका जेल तव्यावर भाजून निळे, म्हणजे कोरडे, झाले आहे; आज रात्रीच सुरू करतो.