नृत्यदिग्दर्शन: १० पैकी

आज एका संगीत एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून बसले होते. मार्कांच्या कागदावर 'नृत्यदिग्दर्शन – १०' असा रकाना. सकाळी वाटलं, हे तर सगळ्यात सोपं. तिसऱ्या एकांकिकेनंतर तिथेच पेन अडलं.

सोळा पोरं, एकाचाही पाय चुकला नाही. गिरक्या, उड्या, शिट्ट्या. पण गाणं संपलं तेव्हा नायिका होती तिथेच. म्हणजे गोष्टीत हो, स्टेजला तर चार फेऱ्या मारून झाल्या होत्या! वर धापा टाकत म्हटलेले पुढचे दोन संवाद कुणाला कळलेच नाहीत. मी ४ दिले.

पाचव्या एकांकिकेत नाच असा फारसा नव्हताच. सासरी निघालेल्या मुलीभोवती सहा जणींनी फेर धरलेला, आणि दर फेरीला तो एकेक पाऊल आत सरकत होता. शेवटी मुलगी दिसेनाशी झाली, नुसता हात वर. एकीचा पदर पायात आला, ठेकाही चुकला. ९.

शेजारचे परीक्षक म्हणाले, "मॅडम, ठेका चुकला की!"

म्हटलं, सर, 'घाशीराम कोतवाल'मधली ब्राह्मणांची रांग आठवा. १९७२ सालचं नाटक, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. माणसांचीच भिंत. डुलता डुलता पाठ फिरवते आणि मागचं सगळं झाकून टाकते. त्यात अवघड स्टेप कुठली होती?

ते हसले. आणि ६ लिहिले.