गुलाब, पण बेताचा

लग्नाच्या मांडवात दाराशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाताच्या पाठीवर अत्तराची काडी फिरवली जाते, तेव्हा जे लागते त्याला गुलाब म्हणायचे ते केवळ रीत म्हणून. तो वास एकदम अंगावर येतो, पंगतीपर्यंत तसाच चढा राहतो आणि मठ्ठ्याच्या वाटीलाही सोडत नाही. गुलाबाचे अत्तर म्हटले की नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, ते त्यामुळेच.

बेताचा गुलाब हवा असेल तर कनौजकडे पाहावे. उत्तर प्रदेशातल्या या शहरात आजही तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, पहाटे खुडलेली गुलाबाची फुले पाण्यासह भरतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात आणि बेताच्या आचेवर निघालेली वाफ बांबूच्या नळीतून, गार पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ निवून साचते त्या भांड्यात, उतरवतात. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. वाफेचे झालेले पाणी तेलाखाली साचते. ते काढून पुन्हा डेगमध्ये घालायचे, नवी फुले टाकायची, आणि चंदन गुलाबाने पुरते मुरेपर्यंत हे असेच कित्येक दिवस चालवायचे. पाणी परत घालण्यात मोठे शहाणपण आहे. ताज्या पाकळीचा मऊ वास ज्याच्यामुळे येतो तो फेनिल इथाइल अल्कोहोल पाण्यात सहज उतरतो, म्हणून ते पाणी फेकले तर गुलाबाचा निम्मा जीवच मोरीत गेला असे समजावे.

हे अत्तर मनगटाला टेकवले की पहिली काही मिनिटे ते फारसे आर्जवी वाटत नाही. हिरवट, किंचित मिरमिरीत, लिंबाच्या सालीकडे झुकणारा असा तो वास असतो आणि दुकानात उभ्या उभ्या निकाल देणारे गिऱ्हाईक नेमके याच वेळी कुपी परत करते. गिऱ्हाइकाने थोडे थांबायला हवे, आणि दुकानदारानेही एका हातावर चार अत्तरे लावण्याचा उत्साह आवरायला हवा. अंगाच्या उबेने ती धार उतरते आणि मधाचा, थोडासा मनुकांचा गोडवा वर येतो. डॅमॅसेनोन नावाचा एक घटक गुलाबाच्या तेलात अगदी नाममात्र असतो, पण नाकाला तो इतका चटकन जाणवतो की त्या गोडव्यात त्याचा वाटा मोठा आहे. पुढे हा गोडवाही विरत जातो, आणि चंदनातले जड, सावकाश उडणारे घटक मागून पुढे येतात. तासा-दोन तासांनी मनगट नाकाशी नेले तर गुलाब निराळा काढून दाखवता येत नाही. चंदनच जरासे लालसर झाले आहे, असे काहीसे वाटते. मला स्वतःला ही अवस्था सर्वांत आवडते. शेजारी बसलेल्याला मात्र याचा पत्ताही नसतो, आणि सुगंधाने इतपतच सभ्य असावे असे माझे मत आहे.

चंदन महागल्यापासून पुष्कळ अत्तरांना लिक्विड पॅराफिनचा, म्हणजे बिनवासाच्या खनिज तेलाचा, आधार दिला जातो. तिथे हा उत्तरार्ध मिळतच नाही. गुलाब येतो, जातो आणि हातावर नुसता तेलकटपणा उरतो.

कातडीचाही स्वभाव असतो. हिवाळ्यात कोरड्या पडलेल्या हातावरून हा वास लवकर उडतो, तर थोड्या तेलकट कातडीवर तो टिकून राहतो. कपड्यावर गुलाब जास्त वेळ राहतो खरा, पण कापडाला अंगची ऊब नसल्याने त्याच्यात हे फेरफार तितकेसे होत नाहीत, शिवाय पांढऱ्या सदऱ्यावर पिवळट डाग पडतो तो वेगळाच. या सगळ्यावर जुन्या मंडळींनी काढलेला तोडगा, म्हणजे कानाच्या वळीत खोचलेला अत्तराचा फाया, मला अजूनही बिनतोड वाटतो: कापूस वास जपून सोडतो, कान ऊब पुरवतो आणि सदरा स्वच्छ राहतो. सध्या त्या जागेवर इअरफोनने ताबा मिळवला असल्यामुळे आपल्याला मनगटावर भागवावे लागते.