पस्तीस मिनिटांचा हिरवा रंग

भोसरीच्या आमच्या कारखान्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे शुक्रवारची पहिली पाळी थंड मशीनवर सुरू होते. ही गोष्ट अशाच एका शुक्रवारची आहे.

शॉपमध्ये लावलेल्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक मशीनचा एक चौकोन असतो: चालू असेल तर हिरवा, थांबले असेल तर लाल. या पडद्याची जोडणी मी स्वतः केली होती. प्रत्येक सीएनसी लेथच्या (संगणकावर चालणाऱ्या कातकाम यंत्राच्या) टॉवर लॅम्पमधून, म्हणजे त्यावरच्या स्थितिदर्शक दिव्यातून, २४ व्होल्टचा सिग्नल घेतला होता, एम-३० ही प्रोग्रॅम संपल्याची आज्ञा आली की एक पीस मोजला जाई, आणि मशीन दोन मिनिटांहून अधिक थांबले की ऑपरेटरसमोर कारणांची आठ बटणे येत. पाळी बदलताना नेमका किती वेळ वाया जातो, हे आम्हाला या पडद्यानेच प्रथम दाखवले. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे.

त्या दिवशी पडद्यावर सहा नंबरचे मशीन सारखे लाल होत होते. त्यावर ४० मिलिमीटर व्यासाची, एच-६ टॉलरन्सची शाफ्टची बेअरिंग सीट (बेअरिंग बसण्याची जागा) चालू होती, म्हणजे मापात चालणारा फरक अवघा १६ मायक्रॉन, मिलिमीटरचे १६ हजारांश. ८:४० च्या बैठकीत साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवून माझ्याकडे पाहिले. मशीनपाशी न जाता केवळ रंगावरून प्रश्न विचारण्याची सवय पडद्यामुळे आमच्या सर्वच वरिष्ठांना लागली आहे, आणि त्या सकाळी ती मलाही लागली होती.

मी जाऊन त्या मशीनच्या ऑपरेटरकाकांना म्हणालो, “काका, मशीन का थांबवताय?”

“साहेब, साइज सरकतेय. दर चौथ्या पीसला स्नॅप गेज लावतोय, ऑफसेट दिल्याशिवाय पुढचा पीस लावत नाही.” (स्नॅप गेज म्हणजे व्यास तपासायचे हातातले साधन, ऑफसेट म्हणजे हत्याराच्या जागेत दिलेली दुरुस्ती.)

“कंट्रोल प्लॅनमध्ये पंचवीस पीसला एक तपासणी आहे. तेवढीच करा, मशीन चालू ठेवा.”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि सायकल स्टार्टचे बटण दाबले. चौकोन हिरवा झाला.

८५ सेकंदांच्या सायकलने पंचवीस पीस व्हायला साधारण ३५ मिनिटे लागतात. एवढ्या वेळात काय घडले, ते मला नंतर कागदावर मांडल्यावर उमगले. पोलाद दर मीटरला दर अंशामागे सुमारे ११ ते १२ मायक्रॉन वाढते. बॉल स्क्रूची, म्हणजे हत्यार पुढेमागे सरकवणाऱ्या स्क्रूची, २०० मिलिमीटर लांबी ४ अंशांनी तापली, तर हत्यार जवळपास ९ मायक्रॉन केंद्राकडे सरकते आणि व्यास त्याच्या दुप्पट, म्हणजे १८ मायक्रॉनने घटतो. काका थांबत होते तेव्हा स्क्रूला निवायला उसंत मिळत होती आणि ऑफसेटही वेळेवर पडत होता. मशीन अखंड चालवायला सांगून मी तापण्याचा वेग वाढवला आणि त्यावरची नजरही काढून घेतली.

पंचविसावा पीस मोजताच काकांनी स्वतःच मशीन बंद केले आणि मागचे सगळे पीस एकेक करून तपासले. चौदा पीस खालच्या मर्यादेच्या बाहेर गेले होते. शाफ्टचा व्यास एकदा कमी झाला की त्यावर धातू परत चढवायला आमच्याकडे सोय नाही. ते सर्व लाल बिनमध्ये गेले.

पडद्यावर मात्र तो तास आठवड्यातला सर्वोत्तम दिसत होता. पडद्यावर दिसणारा ओईई, म्हणजे मशीनच्या एकूण परिणामकारकतेचा आकडा, हा उपलब्धता, कामगिरी आणि गुणवत्ता यांचा गुणाकार असतो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी क्षणोक्षणी बदलत होत्या. रिजेक्शनची नोंद पाळी संपल्यावर होत असल्यामुळे गुणवत्ता मात्र तोवर १०० टक्के धरली जात होती. ही सेटिंग मीच केली होती. प्रात्यक्षिक देताना पडदा विकणाऱ्यांनी यावर एक शब्दही काढला नव्हता, पण मलाही ते विचारायचे सुचले नव्हते. काकांनी सकाळभर ‘इतर’ हे बटण दाबले होते, कारण माझ्या आठ बटणांत ‘साइज तपासणी’ नव्हतीच.

आता ते बटण आहे. शुक्रवारी पाळीआधी वीस मिनिटे वॉर्म-अप प्रोग्रॅम चालतो आणि त्या वेळी चौकोन पिवळा असतो. स्नॅप गेजचे मापही थेट पडद्यावर आणण्याचे काम मी हाती घेतले आहे.

चौदा पीसचे रिजेक्शन मात्र अजूनही काकांच्या टोकन नंबरावर आहे. नोंदीत ऑपरेटरचा रकाना आपोआप भरला जातो आणि मशीन चालू ठेवायला कोणी सांगितले, यासाठी रकानाच नाही. मी साहेबांना लेखी कळवले, काकांनाही सांगितले. ते म्हणाले, “राहू द्या साहेब, गेज मी लावायला हवा होता.” त्यांनी तो लावलाच होता, थांबवले मी होते, आणि हे त्यांच्या तोंडून ऐकून घेणे मला अजून जमलेले नाही.