स्लॅबवर मारलेले पाणी

उत्तरेला गाविलगडचे डोंगर आणि दक्षिणेला अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये पूर्णा नदीने जी गाळाची सपाटी तयार केली आहे, तिच्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील खारपाणपट्टा येतो. येथील विहिरींना आणि बोअरला पाणी लागते. पण ते पिण्याच्या कामाचे नसते आणि ओलितालाही फारसे उपयोगी पडत नाही. उन्हाळ्यातील घरांच्या अंतर्गत तापमानाचा अभ्यास करण्यासाठी आम्ही या पट्ट्यातील एक गाव निवडले, तेव्हा पाण्याचा विचार मनातही नव्हता. येथे एकाच वाड्यात जुने धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर आणि त्याला लागून नवे स्लॅबचे घरकुल अजून पाहायला मिळते, म्हणजे हवामान, माणसे आणि अंगण तेच ठेवून फक्त छताची तुलना करता येते, एवढाच आमचा हिशेब होता.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातील घरकुलाला किमान २५ चौरस मीटर क्षेत्रफळ आणि सपाटीच्या प्रदेशात १.२० लाख रुपये अनुदान असे २०१६ पासूनचे सूत्र आहे. आमच्या निवडलेल्या घरातील खोली याच मापाची होती. तिच्यात दर दहा मिनिटांनी नोंद करणारे लॉगर लावले होते. त्यांपैकी एक संवेदक स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागाला चिकटवलेला होता आणि खोलीच्या मधोमध गोल तापमापक टांगलेला होता. हा गोल म्हणजे दीडशे मिलिमीटर व्यासाचा, बाहेरून काळा रंगवलेला तांब्याचा पोकळ गोळा. हवेचे तापमान साधा तापमापकही सांगतो. पण तापलेल्या छताखाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर जी झळ उतरते, ती या गोळ्यातच पकडता येते. विदर्भात पंखा लावूनही जीव का घाबरा होतो, याचे उत्तर बहुतेक वेळा हवेत नसून छतात असते.

चार-साडेचार इंचांच्या स्लॅबमधून दुपारची उष्णता खाली पोहोचायला साधारण तीन तास लागतात. त्यामुळे खोलीचे छत सर्वांत जास्त तापते ते संध्याकाळी, आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत ते संथपणे निवत जाते. धाब्यावर लाकडी कड्यांच्या आणि तुराट्यांच्या वर फूटभर मातीचा थर असतो. तेथे हीच लाट पहाटेकडे ढकलली जाते आणि वाटेत इतकी क्षीण होते की छताच्या खालच्या बाजूला तिचा जेमतेम चढ दिसतो. हे सर्व पुस्तकात आहे आणि आलेखही तसाच येईल, अशी आमची अपेक्षा होती.

नवतपा सुरू होता. पारा ४५ च्या पुढे गेला होता आणि ओट्यावर लॅपटॉप उघडून मी लॉगरमधील नोंदी उतरवून घेत होते. धाब्याची रेषा अपेक्षेप्रमाणे जवळजवळ सपाट होती. स्लॅबची रेषा मात्र बहुतेक दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास शिखरावरून एकदम कोसळत होती. तासाभरात सात-आठ अंश उतार, आणि तोही काही दिवशी अजिबात नाही. माझ्याबरोबरच्या विद्यार्थ्याला वाटले, उष्णतेने चिकटपट्टी सुटून संवेदक लोंबत असावा. त्याने स्टुलावर चढून पाहिले, तर पट्टी घट्ट होती. निसर्गात असा उतार असत नाही. त्यामागे माणसाचा हात असलाच पाहिजे, म्हणून मी घरच्या काकूंनाच विचारले.

“आमी पानी मारतो ना मॅडम स्लॅबवर,” त्या म्हणाल्या. “लाइन असली त मोटर लावतो, नसली त नाई.”

घरात त्यांची लेक बाळंतपणाला आली होती. बाकीची माणसे अंगणात बाजा टाकून झोपत. पण ओल्या बाळंतिणीला आणि महिन्याच्या लेकराला विंचवाकाट्यात बाहेर कसे झोपवणार, हा त्यांचा प्रश्न होता. नळाचे पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते आणि ते पिण्यासाठी राखून ठेवावे लागते. मग छतावर कोणते पाणी मारता, असे विचारल्यावर त्यांनी अंगणातील बोअरकडे बोट दाखवले. “हे खारं पानी दुसऱ्या काहाच्या कामाचं हाय?”

त्या उत्तरानंतर मी तापमानाच्या नोंदी बाजूला ठेवल्या. घरकुलाला जिना नव्हता. बांबूची शिडी लावून आम्ही वर गेलो. स्लॅबवर, विशेषतः जेथे पाणी तुंबत होते तेथे, पांढरा थर धरलेला होता. नखाने खरवडला की तो पापुद्र्यासारखा सुटत होता. खाली येऊन त्याच जागेच्या नेमके खाली टॉर्च मारला, तेव्हा गिलाव्यावर वीतभर लांबीचा तांबूस ओघळ दिसला आणि त्याच्या टोकाला एक पोपडा सुटू पाहत होता. घरच्या काकांच्या परवानगीने तो काढला. आत सळई होती. तिच्यावरचे काँक्रीट बोटाच्या पेराइतकेही जाड नव्हते आणि गंज हाताला लागत होता. घर बांधून पाच वर्षेही झाली नव्हती.

काँक्रीटमधील लोखंड एरवी सहसा गंजत नाही, कारण सिमेंटच्या तीव्र अल्कधर्मी वातावरणात त्याच्यावर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी फोडते. छत रोज भिजते आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात कोरडे होते, तेव्हा पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि पुढच्या पाण्याबरोबर ते थोडे आणखी आत उतरतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने खालचे काँक्रीट तडकून पोपडा पडतो, सळई उघडी होते आणि पुढचे काम अधिक वेगाने होते. समुद्रकाठच्या इमारतींच्या या दुखण्याबद्दल आम्ही वर्गात तपशीलवार शिकवतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, वऱ्हाडातील एका घरकुलात ते शोधावे असे कोणाच्याही अभ्यासक्रमात नाही.

हिशेबही तेथेच, लॉगरच्या वहीत, करून पाहिला. लिटरभर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता घेते. ही सगळी उष्णता स्लॅबमधूनच घेतली गेली, तर एक चौरस मीटर स्लॅब जवळपास दहा अंशांनी निवू शकतो. प्रत्यक्षात निम्मा परिणाम मिळाला तरी बाळंतिणीला झोप लागते. काकूंचा उपाय भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चोख होता. पण लिटरमागे तीन ग्रॅम क्षार धरले आणि रोज शंभर लिटर पाणी मारले, तर उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत त्या एका छतावर सत्तावीस किलो क्षार जाऊन पडतात.

काकांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली. स्लॅब टाकला त्या दिवशी मिस्त्रीने बोअरचे पाणी वापरू दिले नव्हते. गोड्या पाण्याचा टँकर विकत आणला होता. नंतर मात्र वाफे करून स्लॅबवर जे पाणी भरून ठेवले, ते बोअरचेच. अनुदानाच्या पहिल्या हप्त्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेच्या नोंदीसह योजनेच्या संगणकावर चढला आहे. पाण्याविषयी मात्र कोणी विचारले नव्हते. सळईयुक्त काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्लोराइड नसावे, असे भारतीय मानक ४५६ (२०००) सांगते. आमच्याजवळचा टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, क्लोराइड वेगळे सांगत नाही, म्हणून बोअरच्या पाण्याची बाटली आणि तो पोपडा प्रयोगशाळेत नेला. पाणी मर्यादेच्या बरेच वर निघाले.

वाड्यातील धाब्याकडे पाहताना मला या प्रकरणातील खरी गंमत कळली. धाब्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी जी माती पसरतात, ती मुद्दाम खारी निवडतात. सोडियमयुक्त चिकणमाती भिजली की तिचे कण सुटे होऊन बारीक छिद्रे बंद करतात आणि पावसाचे पाणी आत न मुरता वाहून जाते. म्हणजे त्याच भूमीतील क्षार मातीच्या छताला गळतीपासून वाचवतात आणि लोखंडाच्या छताला आतून खातात. यावरून धाब्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. वाळवीने खाल्लेल्या कड्या मी हाताने चाचपल्या आहेत, सततच्या झडीत भिंत बसल्याच्या हकिकती गावात प्रत्येकाकडे आहेत, आणि दरवर्षी पाट्यांनी माती वर चढवण्याचे काम बायांच्याच डोक्यावर येते. काकूंना स्लॅबचे घर हवे होते आणि त्यांचे काही चुकले नव्हते.

त्या दिवशी निघण्यापूर्वी काय सांगायचे, हा प्रश्न होता. पाणी मारू नका, एवढेच सांगून त्या बाळंतिणीला तापलेल्या छताखाली ठेवणे मला पटेना. स्लॅबला चुन्याचा पांढरा हात द्यावा आणि त्याच्यावर हातभर उंचीवर हिरवी जाळी ताणावी, असे मी सुचवले. करडे काँक्रीट उन्हाचा बहुतांश भाग शोषून घेते; पांढरा पृष्ठभाग नवा असताना त्यातील मोठा वाटा परत फेकतो, आणि उष्णता आत शिरल्यावर ती बाहेर काढण्यापेक्षा शिरू न देणे केव्हाही स्वस्त. अहमदाबादसारख्या शहरात वस्त्यांच्या छतांवर हे काम झाले आहे आणि तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच आणले. काकांनी ऐकून घेतले आणि दोन शंका काढल्या: जूनच्या वावटळीत जाळी राहील काय, आणि चुना भिजवायला पाणी कोणते घ्यायचे? दुसरी शंका माझ्या आराखड्यात नव्हती. चुन्यासाठी नळाच्या पाण्याचे दोन हंडे बाजूला ठेवायला काकू तयार झाल्या. जाळीचे दोर सुटू नयेत म्हणून कठड्याच्या ठिकाणी विटांचे खांब घ्यायचे ठरले, आणि उघड्या पडलेल्या सळईवर लेप देण्यापूर्वी गंज कुठवर गेला आहे ते पाहण्यासाठी मिस्त्रीला बोलावणे धाडले.

आमच्या अभ्यासाच्या प्रश्नावलीत तेव्हापासून छताच्या तापमानाखाली एक नवी ओळ आहे: छतावर पाणी मारता का, किती, आणि कोणते. गावातील इतर घरकुलांमध्ये ती विचारायला सुरुवात केली, तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर देण्याआधीच घरची माणसे बोअरकडे पाहू लागली.