ग्लुकोमीटरच्या पट्टीत नॅनोट्यूब का नाहीत?

विद्युत-रसायनाच्या प्रयोगशाळेत काम करते म्हटल्यावर हमखास येणारा प्रश्न असा: कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) आणि ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा) यांचा एवढा बोलबाला आहे, तर घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीत त्यांचा पत्ता का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मुख्य कारण म्हणजे तिथे त्यांच्यावाचून काही अडतच नाही. उपाशीपोटी रक्तात डेसिलिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि आमच्या हिशेबात ही रेलचेल झाली. पट्टीवरचे एन्झाइम ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन फेरिसायनाइडसारखा मध्यस्थ इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतो, आणि ते मोजायला ग्रॅफाइटची छापील शाई किंवा सोन्याचा पातळ थर पुरतो.

नॅनोट्यूबची आठवण होते ती मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहक रसायनासारख्या पदार्थांसाठी. मेंदूत त्याच्या शेकडो पट ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) असते, आणि साध्या कार्बन इलेक्ट्रोडवर दोघांचे ऑक्सिडीकरण जवळपास एकाच विभवाला (व्होल्टेजला) होत असल्याने विभव-प्रवाहाच्या आलेखातली दोघांची शिखरे एकमेकांत मिसळतात. नॅनोट्यूबचा थर दिला की ती सुटी होतात, आणि एवढ्या निरीक्षणावर शोधनिबंधांचा पाऊस पडला.

श्रेय नेमके कुणाचे, ही चौकशी मात्र मागाहून सुरू झाली. नॅनोट्यूब बहुधा लोह, निकेल किंवा कोबाल्टच्या कणांवर वाढवतात, आणि आम्लाने कितीही धुतल्या तरी कार्बनच्या कवचात अडकलेले कण मागे उरतात. नॅनोट्यूबच्या नावावर जमा असलेले हायड्रोजन पेरॉक्साइड ओळखण्याचे काम प्रत्यक्षात त्यातले लोहाचे ऑक्साइड करत असल्याचे ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवून दिले. प्रागच्या मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी तर 2020 मध्ये ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळली, आणि ग्राफीनची उत्प्रेरकता (अभिक्रियेला वेग देण्याची क्षमता) वाढली. (काहीही मिसळून निबंध लिहिण्याच्या सवयीवरचा उपरोध होता, पण मोजमापे खरी होती.)

शिवाय थेंबाचे दुखणे आहेच. अ‍ॅल्युमिनाच्या पुडीने घासून आरशासारख्या केलेल्या 3 मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडवर आम्ही नॅनोट्यूबच्या द्रावाचे काही मायक्रोलिटर सोडतो. वाळताना माल कडेला सरकून काळे कडे उमटते, मधला भाग विरळ राहतो, आणि एकाच बाटलीतले दोन थेंब सारखे वाळत नाहीत, मग कारखान्यातल्या लाखो पट्ट्यांनी एकच आकडा द्यावा कसा? त्यातच असा सच्छिद्र थर द्रावण पोटात धरून ठेवतो, आणि नुसत्या त्या कारणानेही शिखरे सुटी होऊ शकतात. म्हणून विद्यार्थी असा आलेख घेऊन आला की तेवढ्याच वजनाची साधी ग्रॅफाइटची पूड लावून काय दिसते, हे मी आधी विचारते.