पाट्यावरची चिमणी

जपानी फुलं-पाखरं म्हटलं की लाकडी ठशांची चित्रं आठवतात. तिरकी फांदी, तिच्यावर अंग चोरून बसलेला पक्षी, मागे पाऊस नाहीतर बर्फ. मीही त्यातच खूश होते. मग एकदा कियोशी हासेगावा या जपानी चित्रकारांचं, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं पाखरू पाहिलं आणि मला चक्क आमचा पाटा आठवला.

या छपाईला मेझोटिंट म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर दातेरी, कमानदार पात्याचं हत्यार डुलवत न्यायचं. उभं, आडवं, तिरपं, पुन्हा उभं. सगळा पत्रा खरखरीत झाला की शाई अशी धरतो, की तसाच छापला तर कागदावर नुसता मखमली काळोख उमटतो. पाखरू त्यानंतर. जिथे उजेड हवा तिथे खरवडायचं, घोटायचं. जितकं गुळगुळीत, तितकं उजळ.

म्हणजे पाट्याला टाकी लावण्याचाच प्रकार! फरक एवढाच की आमचा पाटा चटण्या वाटून आपोआप गुळगुळीत व्हायचा, आणि त्याचं कुणी कौतुक करत नसे.

हासेगावा 1891 साली योकोहामात जन्मले. 1918 मध्ये जपान सोडून फ्रान्सला गेले ते 1980 मध्ये मरेपर्यंत परतले नाहीत. फोटो आल्यावर युरोपात अडगळीत पडलेलं हे तंत्र त्यांनी पुन्हा हातात घेतलं. त्यांच्या पाखरांना वारा नाही, पाऊस नाही. पेल्यात खोचलेली रानफुलं, बिया, आणि जवळच अंधारात एक शहाणं पाखरू. ते पाखरू म्हणजे हासेगावा स्वतःच, असं म्हणतात. मला ते पटतं. इतकं गप्प बसणं परक्या गावातच जमतं.

दुसरे योझो हामागुची. पिवळा, लाल, निळा, काळा असे चार पत्रे एकावर एक छापून त्यांनी त्या काळोखात लालचुटूक चेरी ठेवल्या. घराणं सोया सॉसवाल्यांचं. काळ्याचं वेड घरचंच म्हणायचं. त्यांच्या पत्नी केइको मिनामी मात्र आम्लाने कोरलेल्या बारीक रेघांनी पाखरं काढत. ती लहान मुलाच्या वहीतून उडून आल्यासारखी दिसतात.

आमच्या दारावर येणारी टाकीवाली पाट्याच्या कोपऱ्यात हौसेने मासा कोरून द्यायची. एकदा मी हट्ट धरला, "मावशी, चिमणी काढा ना." तिने छिन्नी उचलली, टकटक केलं, फुंकर मारली.

मासाच होता. फक्त या खेपेला त्याला चोच होती.