शहीद हा शब्द फाईलीत नसतो

वेशीवर कमान उभी राहते, शाळेची पोरं प्रभातफेरी काढतात, पुढारी येऊन जातात. कर्तव्यावर वारलेला जवान गावाच्या लेखी शहीद. त्याच्या बायकोची फाईल ज्या टेबलावर जाते, तिथं मात्र हा शब्द चालत नाही. सैन्यात ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणतात, बीएसएफ-आयटीबीपीसारख्या केंद्रीय दलांत ‘ऑपरेशन्स कॅज्युअल्टी’. पेन्शनच्या नियमांत तर नुसती अक्षरं आहेत: ए, बी, सी, डी, ई. घरात एकरकमी किती येणार आणि दरमहा किती, हे त्या एका अक्षरावर ठरतं. बीड, लातूर, नांदेडकडची पोरं भरतीला जातात, आणि त्यातल्या कुणाचीही पलटण उद्या काँगो, दक्षिण सुदान, लेबनॉनच्या शांतिसेनेत किंवा एखाद्या दूतावासाच्या पहाऱ्यावर जाऊ शकते. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतोय.

ए म्हणजे नैसर्गिक मृत्यू, नोकरीशी संबंध नाही. बी म्हणजे नोकरीमुळे जडलेला किंवा बळावलेला आजार. सी म्हणजे कर्तव्यावरचा अपघात. डी म्हणजे दहशतवादी किंवा समाजकंटकांच्या हिंसेत आलेला मृत्यू. ई म्हणजे युद्ध, सीमेवरची चकमक, युद्धासारखी परिस्थिती. सैन्याच्या नियमांत परदेशातल्या शांतिसेनेत तैनात असतानाची कारवाईही ईमध्येच मोडते.

आता हिशोब मांडू. मूळ पगार ४०,००० रुपये धरा. साधं कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के, म्हणजे १२,०००. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पहिली १० वर्षं ५० टक्के, म्हणजे २०,०००. बी किंवा सी लागलं तर ६० टक्के, २४,०००. डी किंवा ई लागलं तर शेवटचा पगार तसाच्या तसा, ४०,०००. महागाई भत्ता या सगळ्यावर वेगळा. माणूस तोच, पगार तोच. फरक पडतो तो अहवालातल्या दोन ओळींनी.

आणि घोळ नेमका त्या दोन ओळींतच होतो. समजा काँगोत गाडी दरीत गेली. ठाण्यावरून पहिला निरोप निघतो ‘रस्ता अपघात’. निरोप पाठवणाऱ्याला तेवढंच माहीत असतं. पुढं चौकशीत निघतं की समोरून गोळीबार सुरू झाला म्हणून चालकानं गाडी वळवली. चौकशीचा निष्कर्ष बदलला, पण रेकॉर्ड ऑफिसात पहिला निरोपच नोंदला गेला असेल तर फाईल सीमध्ये चालत राहते. कुणी मुद्दाम करत नाही. दुरुस्तीचा कागद मागं लागून पोचवणारं कुणी नसतं, एवढंच. म्हणून तेराव्यानंतर पहिलं पत्र पेन्शनसाठी नको. पहिलं पत्र युनिटला जावं: मृत्यूचं वर्गीकरण काय केलंय आणि चौकशीचा निष्कर्ष काय आहे, त्याची प्रत द्या. स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह.

सानुग्रह रक्कमही याच धाग्याला बांधलेली आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे कर्तव्यावर अपघात किंवा दहशतवादी हिंसेत मृत्यू, २५ लाख. सीमेवरची चकमक किंवा अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, ३५ लाख. अधिसूचित युद्धजन्य कारवाईत शत्रूच्या हल्ल्यात मृत्यू, ४५ लाख. या ४५ लाखांच्या ओळीत आणखी एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना ठाऊक असते: परदेशातल्या युद्धग्रस्त भागातून भारतीय नागरिकांना बाहेर काढताना आलेला मृत्यू. २५ आणि ३५ मधली रेघ तर फार बारीक आहे. स्फोटात सापडला की २५, हल्ला परतवताना पडला की ३५. जुलै २००८ मध्ये काबूलच्या दूतावासावर कारबॉम्बचा हल्ला झाला, त्यात राजनैतिक अधिकारी, लष्करी अधिकारी आणि पहाऱ्यावरचे आयटीबीपीचे जवान एकाच फाटकापाशी गेले. अशा ठिकाणी कोण नेमकं काय करत होता, हे अहवालात लिहिलेलं असावं लागतं.

देश युद्धाचा असायलाच पाहिजे असंही नाही. पुण्यात शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या पोरांना म्हात्रे पूल माहीत असतो. तो ज्यांच्या नावानं आहे ते रवींद्र म्हात्रे ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या भारतीय कार्यालयात अधिकारी होते. फेब्रुवारी १९८४ मध्ये काश्मिरी अतिरेक्यांनी अपहरण करून त्यांचा खून केला. वर्गीकरणात ठिकाणापेक्षा कृत्य बघतात.

शांतिसेनेतल्या मृत्यूत संयुक्त राष्ट्रांची भरपाई वेगळी असते, आणि ती केंद्राच्या पैशातून वजा होते का, असं लोक विचारतात. तो दावा स्वतंत्र आहे. मिशनकडून मृत्यूची औपचारिक सूचना जाते, तिला ‘नोटिकास’ म्हणतात. दावा भारताच्या न्यूयॉर्कमधल्या स्थायी मिशनमार्फत चालतो आणि पैसे सरकारकडं येऊन मग घरी पोचतात. बायकोनं न्यूयॉर्कला पत्र लिहून उपयोग नाही. विचारणा युनिट किंवा दलाच्या मुख्यालयाकडंच करायची. मृत्यू मिशनच्या कामाशी जोडलेला नसेल, किंवा स्वतःचा घोर निष्काळजीपणा निघाला, तर हा दावा अडतो.

आता मृत्यूचा दाखला. ग्रामपंचायतीतला संवाद ठरलेला आहे.

“भाऊसाहेब, पोराचा दाखला पाहिजे.”

“मयत कुठं झाली, काका?”

“तिकडं, परदेशात.”

“मग माझ्या रजिस्टरला कशी घेऊ?”

ग्रामसेवकाचं बरोबर आहे. नोंद मृत्यू झाला तिथं होते. परदेशात वारलेल्या भारतीयाची नोंद तिथला भारतीय दूतावास करतो आणि त्याचा दाखला इथं चालतो. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यातल्या कलम २० मध्ये ही सोय आहे. पण सातबाऱ्यावर वारस लावायची घाई असते, तलाठी दाखला मागतो, मग कुणीतरी ओळखीनं ‘मृत्यूचं ठिकाण राहतं घर’ असा दाखला काढून देतो. हे अजिबात करू नका. एका माणसाचे दोन दाखले, दोन ठिकाणं झाली की पेन्शनची फाईल तिथंच थांबते, आणि खोटी नोंद रद्द करायला दाखला काढण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. दूतावासाच्या दाखल्यावरच फेरफार करून मागा. पार्थिवासोबत तिथला स्थानिक दाखला, दूतावासाचं ना-हरकत पत्र, शव जतन केल्याचं प्रमाणपत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट येतो. काँगोचा स्थानिक कागद फ्रेंचमध्ये असतो. त्याचं भाषांतर साक्षांकित करून घ्यावं लागतं. विमानतळावर ही पाकिटं सोबत आलेल्या जवानाच्या हातात असतात. ती मोकळी होण्याआधी प्रत्येक पानाच्या झेरॉक्स काढून ठेवा.

नावाचा घोळ आपल्याकडं खास आहे. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि नवऱ्यानं सेवापुस्तकात लिहून दिलेलं तिसरंच. मुलकी सेवेत आणि केंद्रीय दलांत कुटुंबाचा तपशील नमुना ४ मध्ये भरलेला असतो. विधवेचं नाव त्या पानावरच्या नावाशी अक्षरशः जुळवून बघतात. जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि महाराष्ट्र राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, हा रस्ता आहे, पण त्यात महिने जातात. जवान सुट्टीवर येतो तेव्हा पाच मिनिटांत होणारं काम आहे हे. लग्नाची नोंदणीही तेव्हाच उरकावी, कारण तिला नवरा-बायको दोघं लागतात.

दुसरी गाठ नामनिर्देशनाची. एकोणिसाव्या वर्षी भरती झाला, फॉर्मवर आईचं नाव टाकलं, पुढं लग्न झालं, फॉर्म तसाच राहिला. कुटुंब निवृत्तिवेतन नियमानं पत्नीलाच जातं, तिथं नामनिर्देशन चालत नाही. ग्रॅच्युइटी, गटविमा, भविष्य निर्वाह निधी मात्र नामनिर्देशनावर जातात. सासू-सुनेच्या भांडणाचं मूळ बहुतेकदा इथं असतं: एकीला वाटतं सगळं सुनेनं नेलं, दुसरीला वाटतं सासूनं दाबलं, आणि दोघी आपापल्या कागदाप्रमाणं बरोबर असतात. ग्रॅच्युइटी बारीक रक्कम नाही. ५ ते ११ वर्षं नोकरी झाली असेल तर १२ महिन्यांचा पगार, ११ ते २० वर्षांत २० महिन्यांचा, कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख. जवान अविवाहित असेल तर सैन्यात डी-ई वर्गात आईवडिलांना मिळतं: दोघं असतील तर उदारीकृत निवृत्तिवेतनाच्या, म्हणजे वर सांगितलेल्या पूर्ण पगाराएवढ्या रकमेच्या, ७५ टक्के, एकच असेल तर ६० टक्के.

१ जानेवारी २००४ पासून भरती झालेले केंद्राचे मुलकी आणि केंद्रीय दलांतले बहुतेक कर्मचारी एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत आहेत. मृत्यू झाल्यास जुन्या नियमांचे लाभ घ्यायचे की साठलेल्या रकमेचे, याचा पर्याय कर्मचाऱ्यानं भरून ठेवलेला असतो. जुने लाभ घेतले तर सरकारनं भरलेला वाटा व्याजासह सरकारजमा होतो, कर्मचाऱ्याचा स्वतःचा वाटा घरी येतो. बँकेतला कुणी “सगळी रक्कम आत्ता काढून देतो” म्हणाला तर आधी ही गोष्ट कार्यालयाकडून लेखी घ्या.

पगाराच्या खात्यावर बहुतेक बँका अपघात विमा देतात. तो दावा युनिट करत नाही, शाखेत जाऊन आपणच करायचा असतो, आणि मुदत कमी असते. एलआयसीची मूळ विमा रक्कम मिळते, पण ‘अपघात लाभ’ जोडलेला असेल तर त्यात युद्ध आणि बंडाळीचा अपवाद असतो. दुप्पट रक्कम गृहीत धरून कुणाला शब्द देऊ नका.

राज्य सरकारची मदत आपोआप येत नाही. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वेगळा अर्ज लागतो, वर्गीकरणाच्या प्रतीसह. केंद्रीय दलांतल्या जवानांच्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,०००. अनुकंपा नोकरीचं सांगायचं तर केंद्रात गट क च्या थेट भरतीतल्या जागांपैकी ५ टक्केच यासाठी असतात. अर्ज करा, पण त्यावर घर मांडू नका.

आयकराचं एकच: सैन्य किंवा निमलष्करी दलातला माणूस ऑपरेशनल ड्यूटीवर असताना वारला असेल तर त्याच्या कुटुंबाचं निवृत्तिवेतन करमुक्त असतं; १९६१ च्या कायद्यात ही सोय कलम १०(१९) मध्ये होती. बँकेला तो कागद दाखवावा लागतो, आणि तो कागद म्हणजे परत वर्गीकरणाचाच.

निपुत्रिक विधवेनं पुन्हा लग्न केलं तरी तिचं साधं कुटुंब निवृत्तिवेतन केंद्राच्या नियमांत चालू राहतं, तिचं दुसरं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तोवर. “लग्न केलं की पेन्शन बंद” असं सांगून पोरीला अडवणारे भेटतात, त्यांना हा नियम दाखवा.

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. शेतात, ऊसतोडीत राबलेल्या हातांचे ठसे मशीन घेत नाही, सेतूवाला चार वेळा बोट दाबायला लावून परत पाठवतो. जीवन प्रमाण ॲपमध्ये चेहऱ्यावरून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे. उजेडात बसून, डोक्यावरचा पदर थोडा मागं घेऊन फोटो काढला की एका दमात होतो.